उघाडीचा दुसरा गाळा

काँक्रीट आतून सुटलंय की नाही, हे मी कानाने ओळखते. हातोडीने हलकं ठोकायचं. धड असेल तर टणटणीत आवाज येतो. आतून सुटलेलं असेल तर पिकल्या फणसावर थाप मारल्यासारखं बद्द वाजतं. पेणच्या खारेपाटातल्या त्या उघाडीवर मी पहिल्यांदा हातोडी मारली, तेव्हा वरपासून खालपर्यंत नुसतं बद्द बद्द ऐकू आलं.

शेजारी ठेकेदार उभा होता. तिथल्या मातीच्या बांधाचं सगळं काम त्याच्याकडे होतं, आणि उघाडीच्या काँक्रीटची दुरुस्ती त्याने माझ्याकडे सोपवली होती. तो म्हणाला, "बघितलंत ना मॅडम? जरा वरून सिमेंटचा मसाला मारून द्यायचाय. तुमचं ते केमिकल टाका त्यात थोडं."

या 'थोडं'ने माझं अर्धं आयुष्य खाल्लंय.

ज्यांनी खारेपाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध असतो. बांधात ठिकठिकाणी काँक्रीटची दारं बांधलेली असतात, ती उघाडी. दाराला खाडीच्या बाजूने लोखंडी झडप असते. भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून धरतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. कुणी उघडायला नको, लावायला नको. फक्त झडप ज्या भिंतीत बसवलेली असते ती भिंत जागेवर राहायला हवी. या उघाडीला दोन गाळे, म्हणजे पाणी जायच्या दोन वाटा, होत्या आणि दोन्ही गाळ्यांच्या भिंतींतलं लोखंड खाऱ्या पाण्याने गंजून फुगलं होतं. गंज फुगला की अंगावरचं काँक्रीट फोडतो. काही सळ्या तर उघड्याच पडल्या होत्या. नखाने खरवडलं तरी त्यांचे पापुद्रे निघत होते.

"वरून मारून चालणार नाही," मी म्हटलं. "सुटलेलं सगळं काढायला लागेल. सळीच्या मागे बोट जाईल इतकं आत."

"अहो, मग उरेल काय?"

"जे उरेल त्यालाच नवं चिकटेल. आता जे दिसतंय ते नुसतं अडकून राहिलंय."

तो हसला आणि फोन घेत बांधावर चढला. वाईट माणूस नव्हता तो. रोज दुपारी आमच्या माणसांसाठी घरून भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि पेणचे भाजलेले पापड आणायचा. पण सिमेंट म्हणजे सिमेंट, हे त्याचं मत पक्कं होतं आणि त्याच्या आड मी येत होते.

माझं माहेर पेणचं. आमची गागोद्याकडची जमीन आजोबांच्या वेळीच कुळांकडे गेली. वडील शाळेत शिकवायचे. मी इंजिनीअर झाले आणि लग्न होऊन रोह्याला गेले. तिथे केमिकलच्या कंपन्यांत मला दुरुस्तीची कामं मिळत गेली. ॲसिडने खाल्लेल्या जमिनी, पंपांचे ओटे, सांडपाण्याची गटारं. पॉलिमरचं काम मी तिथेच शिकले. लोक ज्याला केमिकल म्हणतात ते दुधासारखं पांढरं द्रव असतं. ते सिमेंटमध्ये ठरलेल्या प्रमाणात मिसळलं की जुन्या काँक्रीटला नवं घट्ट धरतं आणि आत पाणी शिरू देत नाही. साधं सिमेंट जुन्यावर मारलं की थोड्याच दिवसांत ते साल सुटावी तसं सुटतं. सगळा फरक एवढाच आहे. पण हा फरक तयारीत असतो, डब्यात नसतो. जुनं किती खरवडलं, किती धुतलं, कधी लावलं, यावर सगळं असतं. कंपनीत हे सांगायला सोपं जातं. तिथे शटडाऊन म्हणजे शटडाऊन. यंत्रं बंद, पाणी बंद, आणि फाटकावरचा माणूससुद्धा आत सोडताना विचारतो. खाडीला शटडाऊन नसतो. ती दिवसातून दोनदा येऊन जाते, तिला कुणाची परवानगी लागत नाही.

नवरा म्हणाला होता, "घराजवळची कामं सोडून खाडीत कशाला जातेस?" मला वाटलं होतं, एकदा तरी कंपनीच्या बाहेर, लोकांच्या कामाची गोष्ट आपल्या हातून व्हावी. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला नसता, पण पुढे जे झालं त्यानंतर मला ते आठवून लाज वाटली असती.

बांधांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या साहेबांनी माझी पद्धत मान्य केली. वयाने माझ्याहून लहान, नीटनेटके, अडचण सांगितली की मान हलवणारे. मान हलवल्यावर पुढे काही घडतंच असं नाही, हे मला उशिरा कळलं. त्यांचं एकच म्हणणं होतं, "पावसाच्या आत झालं पाहिजे."

आम्ही काम धरलं ते भांगाच्या दिवसांत. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, पाणी बांधाच्या गळ्यापर्यंत चढतं. अष्टमीच्या आसपास भरती बेताची असते, तो भांग. तेव्हा मातीच्या गोण्या रचून गाळ्यापुढचं पाणी अडवता येतं आणि भिंती कोरड्या मिळतात. म्हणजे आमच्या हातात दिवस थोडे होते. ते संपले की परत उधाण, मग पुढचा भांग, आणि तेवढ्यात पाऊस.

पहिल्या दिवसापासून एक बाई बांधावर येऊन बसायची. पन्नाशीची, रापलेली, डोक्यावर पदर, हातात कोयता. उघाडीच्या आतल्या बाजूचं पहिलं शेत तिचं होतं. मी तिला मावशी म्हणायला लागले. ती मला मॅडम म्हणायची, पण त्या मॅडममध्ये मान फार नव्हता.

"पयले पण मारलं होतं सिमेंट," ती म्हणाली. "पावसात गेलं."

"यावेळी नाही जाणार मावशी."

"त्ये पण असंच बोलले होते."

माणसं ब्रेकर घेऊन भिंती फोडायला लागली. मऊ ढलप्या पडत गेल्या, आतून काळ्या-तांबड्या सळ्या निघाल्या. ठेकेदार दर तासाला येऊन आत डोकावायचा आणि म्हणायचा, "बस ना आता? किती फोडाल?" माझा मिस्त्री रोह्याचा, माझ्याबरोबर बरीच वर्षं काम केलेला. तो त्याला सांगायचा, "होईल शेठ, मॅडमला आवाज पटला की थांबतो." मी ठोकत जायचे. बद्द वाजलं की अजून. शेवटी एके दुपारी दोन्ही गाळे टणटण बोलायला लागले. सळ्या तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केल्या. आता उरलं होतं धुणं.

धुण्याशिवाय सगळं फुकट. काँक्रीटच्या अंगात वर्षानुवर्षांचं मीठ मुरलेलं असतं. ते तसंच ठेवून वर कितीही भारी पॉलिमर मारा, आत बसून ते मीठ पुन्हा लोखंड खायला लागतं. त्यासाठी गोडं पाणी हवं, आणि जोराने, भरपूर हवं. मी टँकर सांगितला होता. तो सकाळी यायचा तो दुपारी आला. बांधावरून डुलत डुलत आला, आणि त्याच्या मागून हंडे, कळशा, प्लॅस्टिकचे ड्रम घेऊन गावातल्या बाया आल्या. पुढे मावशी.

"ह्यो टँकर कोणाचा?" तिने विचारलं.

"कामाचा आहे मावशी. या भिंती धुवायच्यात."

"खाडी भरून पानी हाय. त्यानं धुवा."

"खाडीच्या पाण्यात मीठ आहे. मीठ काढायलाच तर धुवायचंय."

ती बायांकडे वळली. "ऐकलंत गो? आमाला प्यायला नाय पानी, नि ही बाय दगडाला आंघोळ घालतेय!"

बाया हसल्या. ते हसू मला चांगलं वाटलं नाही. त्या गावात नळ होते, पण उन्हाळ्यात नळाला पाणी येणं हे सणासारखं होतं. वाटेत येताना मीच रोज बघायचे, पहाटेपासून रिकामे ड्रम रस्त्याकडेला रांगेत उभे असायचे.

टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "मॅडम, पटकन सांगा. मी कोणाचं ऐकू?"

मी मावशीला समजवायला गेले. "हे बघा, भिंत नीट धुतली नाही तर काम टिकणार नाही. काम टिकलं नाही तर पावसात झडप सुटेल. खारं पाणी पहिल्यांदा तुमच्याच शेतात येईल."

"त्ये पावसात," ती म्हणाली. "पानी आज पायजे."

मी तिच्यामागच्या बायांकडे बघितलं. एकीच्या कडेवर पोर होतं, ते टँकरच्या खालून ठिबकणाऱ्या थेंबांकडे हात करत होतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, "दे." नळी सुटली. हंडे भरत गेले, मग ड्रम आले, मग वस्तीवरून आणखी बाया आल्या. मी "आता बस" म्हणाले तेव्हा टँकरमध्ये तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

मी ठेकेदाराला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "वाटलंत? वा. आता दुसरा टँकर कुठून आणू? सगळे गावागावांना लागलेत."

"मग एक दिवस थांबू."

"मी थांबेन हो. पण भांग थांबेल का?"

तो बरोबर बोलत होता. मावशी बरोबर बोलत होती. मीही बरोबर होते. आणि समोर दोन गाळे कोरडे, उघडे, मीठ अंगात घेऊन उभे होते. मला इतका राग आला होता की तो कुणावर काढायचा हेच कळेना. शेवटी मी मिस्त्रीवर ओरडले, कारण तो जवळ होता. पुन्हा तसाच टँकर आला तर मी पुन्हा पाणी वाटीन, आणि तेवढीच चिडेन.

दुसरा टँकर मिळाला नाही. उरलेल्या पाण्यात एकच गाळा नीट धुऊन होणार होता. दोन्ही अर्धवट धुण्यापेक्षा एक पुरता धुवावा, असं मी ठरवलं. पहिला गाळा आम्ही धुतला, पुसला, सळ्यांना गंजरोधक लावला. आणि मग सर्वांत नाजूक काम आलं.

जुन्या काँक्रीटवर नवं मारण्याआधी पॉलिमर आणि सिमेंटचा पातळ लेप ब्रशने लावायचा असतो. तो चिकट आहे तोवरच त्यावर मसाला दाबायचा. लेप वाळला तर त्याची कातडी तयार होते, आणि त्या कातडीवर मारलेला मसाला कधीच धरत नाही. म्हणजे ज्याने चिकटायचं, तेच मध्ये आडवं येतं. खाडीवरचा वारा आणि उन्हाळ्याचं ऊन, लेप बघता बघता सुकत होता. आम्ही वर गोणपाटाची सावली केली आणि हातभर हातभर लेप लावत, लगेच मसाला दाबत पुढे सरकत गेलो.

मिस्त्रीने मसाला कालवताना मी बघत नाही असं पाहून तांब्याभर पाणी ओतलं. मला आवाज आला.

"काय टाकलंस?"

"जरा घट्ट होतं मॅडम. हाताला मऊ आलं पाहिजे."

"ते टाकून दे."

"सगळं?"

"सगळं. परत कालव."

त्याने घमेलं उपडं केलं आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मात्र हात त्याचा चांगला होता. सळ्यांच्या मागे मसाला बोटांनी भरत, दाबत, पोकळी न ठेवता त्याने भिंत उभी केली. पाण्याच्या रेषेपाशी, जिथे ओल कधीच जात नाही, तिथे आम्ही दोन भाग मिसळून होणारं एपॉक्सी लावलं. कणकेसारखं मळायचं आणि ओल्यावरच थापायचं. संध्याकाळी पहिला गाळा पुरा झाला. मावशी खाली उतरून आली. तिने भिंतीला हात लावला आणि हाताचा वास घेतला.

"घाण वास येतो," ती म्हणाली.

"जाईल वास."

"आनि दुसरा?"

"पुढच्या भांगाला."

तेवढ्यात रोह्याहून फोन आला. कंपनीतलं मोठं शटडाऊन लागलं होतं, ते काम मी आधीच घेतलं होतं आणि ते सोडणं शक्य नव्हतं. निघताना मी ठेकेदाराला समोर उभं करून सांगितलं, "दुसऱ्या गाळ्याला हात लावू नका. तो धुतलेला नाही. पुढच्या भांगाला मी टँकर घेऊनच येते."

"नाही लावत," तो म्हणाला.

उधाण येऊन गेलं. मी रोह्यात टाकीच्या ओट्यावर वाकून काम करत होते, डोक्यात उघाडी होती. शटडाऊन दोन दिवस लांबलं. भांग लागल्यावर तीन दिवसांनी मी टँकरची सोय करून, सामान घेऊन बांधावर पोचले.

दुसरा गाळा तयार होता. सुरेख प्लास्टर केलेलं, कोपरे काटकोनात, वरून सिमेंटचा हात फिरवलेला. माझ्या गाळ्याच्या भिंतीवर जोड दिसत होते, एपॉक्सीचे करडे डाग दिसत होते. हा मात्र पाहुण्यांसाठी रंगवलेल्या घरासारखा दिसत होता.

ठेकेदार पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता, उलट थोडा अभिमान होता. "साहेब येणार होते बघायला. म्हटलं, मॅडमचं ओझं कमी करू."

"धुतलं होतं?"

"झाडून घेतलं."

"लेप?"

"अहो, टाकलं की तुमचं केमिकल. अर्धा कॅन उरला होता ना, तो सगळा मसाल्यात ओतला. तुम्ही थोडंच टाकता, मी सगळं टाकलं." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "खरं सांगू का? दिसायला तुमच्यापेक्षा चांगलं झालंय."

मी हातोडी काढली आणि ठोकलं. टणटणीत वाजलं. अर्थात वाजणारच, नवं होतं. ते किती दिवस टणटणीत वाजणार हे मला माहीत होतं, पण तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी साहेबांना फोन केला. हे काढून पुन्हा करायला हवं म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, मी बघून आलो. व्यवस्थित वाटलं. आता पावसाच्या तोंडावर फोडाफोडी नको. पावसानंतर बघू." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं, पण टँकरचा ड्रायव्हर घाबरला आणि म्हणाला, "मॅडम, पाण्याचं काय करू?" मी म्हटलं, गावात नेऊन ओत.

श्रावणातल्या उधाणात मला एक फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज मावशीचा होता, मागे वारा घोंगावत होता.

"मॅडम, तुमचा गाळा राहिला. आमचा भात गेला."

मी जाऊन बघितलं ते दुसऱ्या दिवशी ओहोटीला. दुसऱ्या गाळ्याचं प्लास्टर ताटाएवढ्या ढलप्यांनी पडलं होतं. खालची भिंत जशी सोडली होती तशी दिसत होती, फक्त सळ्या पुन्हा तांबड्या झालेल्या. झडपेचे बोल्ट सैल पडून झडप एका अंगाला कलली होती, आणि त्या फटीतून भरतीचं पाणी आत आलं होतं. मावशीच्या शेतात लावणी होऊन रोपं नुकती धरली होती. ती शेंड्याकडून पिवळी पडायला लागली होती. मावशी गुडघाभर चिखलात उभी होती. मी तिला सांगितलं होतं, याची तिला आठवण करून देणं मला जमलं नसतं, आणि तिला ते आठवत होतंच.

ठेकेदाराने त्याच रात्री माणसं लावून गोण्यांनी तो गाळा बुजवला. त्यामुळे खारं पाणी थांबलं, पण पावसाचं पाणी बाहेर जायची अर्धी वाटही बंद झाली आणि उरलेली शेतं तुंबली.

खात्याच्या कार्यालयात बैठक झाली. गावातले पाच-सहा जण, त्यांत मावशी, ठेकेदार, साहेब आणि मी. साहेबांनी ठेकेदाराला विचारलं, काय झालं? तो शांतपणे म्हणाला, "केमिकलचं काम होतं साहेब. केमिकल फेल गेलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण खोलीतले सगळे मान डोलवत होते. गावचा एक माणूस म्हणाला, "बरोबर हाय. जुन्या काळी असलं काय नव्हतं, तरी उघाड्या टिकायच्या." ठेकेदार खोटंही बोलत नव्हता. त्याने केमिकल टाकलं होतं, भिंत पडली होती. त्याच्या दृष्टीने एवढंच घडलं होतं.

"दोन गाळे होते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "दोन्हींत तेच पॉलिमर होतं. एक उभा आहे, एक पडला. मग केमिकल कसं फेल गेलं?"

"नशीब म्हणायचं," कुणीतरी म्हणालं.

साहेब म्हणाले, "आपण दोष द्यायला बसलेलो नाही."

तेव्हा मावशी उठली. ती फार बोलणारी नव्हती, आणि माझी बाजू घेईल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. ती साहेबांना म्हणाली, "ही बाय भिंत धुवायला पानी मागत होती. त्ये पानी आमी नेलं. एक धुतला, त्यो राहिला. दुसरा नाय धुतला, त्यो गेला. मी तिथंच बसलेली होते. फेल बिल काय नाय गेलं."

साहेबांनी मान हलवली. पण यावेळी ते उठलेही, आणि दुपारच्या ओहोटीला गाडी काढून उघाडीवर आले. मी त्यांच्या हातात हातोडी दिली. माझ्या गाळ्यावर त्यांनी ठोकलं, मग दुसऱ्यात जे थोडं प्लास्टर अजून लटकत होतं त्यावर ठोकलं. ते त्यांच्या बुटावर पडलं. ठेकेदार बांधावर उभा राहून दुसरीकडे बघत होता. मला त्या क्षणी समाधान वाटायला हवं होतं. मला फक्त दमल्यासारखं झालं. आत, बांधाच्या पलीकडे, पिवळं पडलेलं शेत दिसत होतं.

त्या ठेकेदाराने मला पुन्हा काम दिलं नाही. पेणमध्ये त्याने सांगितलं की मॅडम हुशार आहेत पण कामं अडवतात. दोन कामं त्यामुळे गेली, हे मला नंतर कळलं.

थंडीत खात्याने बांधाचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे दिलं आणि दुसरा गाळा मला करायला सांगितला. मी साहेबांना म्हटलं, टँकर दोन लागतील, एक गावाला. ते म्हणाले, पिण्याचं पाणी आमच्याकडे येत नाही, ते दुसरं खातं. मी हट्ट केला, पत्रापत्री केली, काही झालं नाही. शेवटी मी रोह्याच्या कंपनीत काम करणाऱ्या एकाकडून जोराचा फवारा मारणारा पंप उसना आणला. त्याचा जोर इतका असतो की थोडं पाणीही पुरतं. आणि मावशीशी आधीच बोलले.

"टँकर आला की आधी तुमचे हंडे. पण एका घरचा एक. ड्रम नको."

"ड्रम नको तर नको," ती म्हणाली. "पन बायांना मी सांगते. तू सांगशील तर भांडतील."

बाया आल्या, हंडे भरले, ड्रमसाठी थोडी कुरकुर झाली, मावशीने एक-दोघींना शिव्या दिल्या, आणि तासाभरात बांध मोकळा झाला. आम्ही भिंती धुतल्या. मिस्त्रीने पाणी ओतलं नाही, निदान मला ऐकू आलं नाही. त्याच भांगात दुसरा गाळा पुरा झाला, झडप नव्या बोल्टांवर बसली. ओहोटीला ती उघडली, भरतीला बंद झाली. एवढंच करायला आम्हाला एक भातपीक घालवावं लागलं.

पुढच्या पावसात मी मुद्दाम गेले. दोन्ही गाळे जागेवर होते. मावशीचं शेत मात्र सगळं हिरवं नव्हतं. मीठ एका पावसात धुतलं जात नाही, जमिनीतूनही नाही. मधे मधे टक्कल पडल्यासारखे भाग होते, तिथे रोपं धरलीच नव्हती. ती बांधावर बसून तंबाखू मळत होती.

"आणखी एक पाऊस लागेल," मी म्हटलं.

"दोन," ती म्हणाली. "तुला भिंतीतलं कळतं, जमिनीतलं नाय." मग थोडं सरकून तिने मला बसायला जागा केली. "बस गो. भरती बघून जा."

आम्ही बसलो. पाणी चढत आलं, झडपेवर आदळलं, लोखंड लोखंडावर टेकल्याचा आवाज झाला. आत एक थेंब आला नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. खाडीच्या वरच्या अंगाच्या एका गावातून कुणीतरी बोलत होतं, तिथल्या उघाडीच्या भिंती गेल्यात म्हणून.

"आधी एक सांगा," मी विचारलं. "गावात प्यायला पाणी आहे का?"

पलीकडचा माणूस गोंधळला. "पाण्याचा काय संबंध मॅडम?"

मी फोन कानाला धरून, त्याला पहिल्यापासून सांगायला लागले.